थाप कोठून आणावी? : तालवाद्यांच्या ध्वनिनमुन्यांविषयी

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेली अनेक मुले आज स्वतःची गाणी स्वतःच तयार करू लागली आहेत. कोणी चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी करतो, कोणी बहिणीच्या लग्नासाठी, कोणी केवळ हौसेखातर. एके काळी गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे म्हणजे स्टुडिओचे भाडे, वादकांची बिदागी आणि फितीचा खर्च असा मोठा प्रपंच असे. आता एक संगणक, एक हेडफोन आणि रात्रीचे चार निवांत तास एवढ्यावर काम भागते. या मुलांकडून एक प्रश्न वारंवार येतो : ड्रमचे चांगले सॅम्पल कोठे मिळतील? प्रश्न साधा आहे. पण एखाद्या संकेतस्थळाचे नाव सांगून तो सुटत नाही, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

सॅम्पल म्हणजे ध्वनीचा नमुना. तालवाद्यांचे नमुने मुख्यतः दोन प्रकारांत मिळतात. एक सुटी थाप : ढोलावर टिपरू एकदा पडले आणि त्याचा घुमारा विरेपर्यंत जे ऐकू आले तेवढेच. दुसरा लूप : एक, दोन किंवा चार आवर्तनांचा वाजवलेला तुकडा, जो पुन्हा पुन्हा जोडून गाणेभर चालवता येतो. लूप घेतला की पाच मिनिटांत काम झाल्यासारखे वाटते आणि बहुतेक नवशिके तेथेच अडकतात, कारण लूपमध्ये दुसऱ्याने वाजवलेला ठेका, दुसऱ्याने ठरवलेली लय आणि दुसऱ्याच्या खोलीचा घुमारा असे सारे एकत्र गोठलेले असते. माझा सल्ला उलटा आहे. पहिले वर्षभर फक्त सुट्या थापांवर काम करावे. ठेका आपला आपण मांडावा. कान त्यानेच तयार होतो.

या साऱ्याची सुरुवात १९८० मध्ये झाली असे म्हणता येईल. त्या वर्षी दोन यंत्रे बाजारात आली. अमेरिकेत बनलेल्या लिन एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमच्या थापा ध्वनिमुद्रित करून साठवलेल्या होत्या. जपानी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ मध्ये एकही ध्वनिमुद्रण नव्हते. विद्युतमंडलातून थापेसारखा आवाज निर्माण केला जाई. तो आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून अनेकांनी नाके मुरडली आणि सुमारे बारा हजार यंत्रे बनवून १९८३ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. पुढे जुन्या बाजारात ती यंत्रे स्वस्त मिळू लागली, गरीब वस्त्यांतील मुलांनी ती विकत घेतली आणि त्याच 'खोट्या' आवाजावर हिप-हॉपची एक मोठी इमारत उभी राहिली. आज जगातील बहुतेक प्रत्येक ध्वनिसंग्रहात '८०८' नावाचा कप्पा असतो. खऱ्याची नक्कल म्हणून नाकारलेला आवाज आता स्वतःच खरा मानला जातो आणि त्याची नक्कल केली जाते.

या यंत्राचा मुंबईशी आलेला संबंध आपल्या मुलांना ठाऊक असावा. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ आणि त्याच कंपनीची आणखी दोन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तिचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि शिकागोतील मंडळी पुढे काही वर्षांनी ज्या प्रकारचे संगीत करणार होती, तशासारखे संगीत या गृहस्थांनी मुंबईत आधीच करून ठेवले होते, हे पाहून परदेशी जाणकार चकित झाले. त्याच १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागचे भोंगे थांबले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी एका शहरात एकाच वर्षी कोणती यंत्रे थांबली आणि कोणती वाजू लागली, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

गिरणगावात यंत्रावरचा ताल आला तो ऑक्टोपॅडच्या रूपाने. आठ रबरी पॅड, हातात दोन काठ्या आणि प्रत्येक पॅडवर वेगळा आवाज. ऑर्केस्ट्रांनी तो उचलला, त्यांच्या मागोमाग बँजो पार्ट्यांनी उचलला. आपल्याकडे ज्याला बँजो म्हणतात ते वाद्य खरे तर बुलबुल तरंग; त्याला वीज जोडून, भोंगे लावून टेम्पोवर चढवला, शेजारी ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशा, की लालबाग ते गिरगाव चौपाटी असा अख्खा दिवस निघतो. ऑक्टोपॅडवर आपल्या आवडीचे आवाज चढवून घेणारा पोऱ्या म्हणजे गल्लीतला पहिला सॅम्पल-संग्राहक होय, हे आमच्या अभ्यासकांच्या अजून ध्यानी आलेले नाही.

आता संगीतप्रकारांकडे वळू. प्रकारागणिक ड्रम वेगळा लागतो, म्हणजे नेमके काय वेगळे लागते? माझ्या मते तीन गोष्टी तपासाव्यात : थाप किती वेळ टिकते, तिचा स्वर कोणता आहे, आणि ती कोणत्या जागेत वाजलेली आहे. जुन्या पठडीच्या हिप-हॉपची लय मिनिटाला पंच्याऐंशी ते पंच्याण्णव ठोक्यांची. त्याला साठ-सत्तरच्या दशकांतील तबकड्यांवरचा कोरडा, आखूड, किंचित धुळकट ड्रम शोभतो. ट्रॅपमध्ये लय एकशे चाळीसच्या आसपास लिहितात, पण अंगाला ती निम्मी जाणवते. तेथे ८०८ चा लांबलचक खर्ज लागतो आणि तो गाण्याच्या षड्जाशी जुळवावाच लागतो. पुष्कळांच्या गाण्यात खाली काहीतरी बेसूर गुरगुरत असते, त्याचे कारण हेच. हाउस संगीतात एकशे वीस ते अठ्ठावीसची लय आणि प्रत्येक ठोक्यावर खर्जाची एक ठाम थाप. ती बहुधा टीआर-९०९ या पुढच्या यंत्राची असते. ड्रम अँड बास एकशे सत्तरच्या पुढे धावतो. त्याची बरीचशी इमारत एका सहा-सात सेकंदांच्या तुकड्यावर उभी आहे. त्या तुकड्याची कथा पुढे सांगतो.

हे सर्व आवाज मिळवणे आता कठीण राहिलेले नाही. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'फ्रीसाउंड' या संग्रहात जगभरच्या लोकांनी दिलेले आवाज विनामूल्य मिळतात. मात्र प्रत्येक आवाजाखाली परवान्याची अट लिहिलेली असते आणि ती वाचूनच तो घ्यावा. काही आवाज कोणत्याही कामाला चालतात, काहींसाठी कर्त्याचे नाव द्यावे लागते, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. पैसे देऊन घ्यावयाचे संग्रह तर असंख्य आहेत. पाश्चात्त्य ड्रम हवा असेल, तर एका संध्याकाळी लागेल तेवढा मिळतो.

खरी अडचण आपल्या वाद्यांपाशी सुरू होते. एका मोठ्या संग्रहात मी हलगी शोधली. ती 'ट्रायबल' नावाच्या कप्प्यात आफ्रिकेतील वाद्यांच्या शेजारी सापडली आणि वाजवून पाहिली तर ती हलगी नव्हतीच. कोणत्या तरी डफावर बोटांनी मारलेली थाप होती. मराठीत 'थाप मारणे' याचा दुसरा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. ढोलकीच्या नावाखाली उत्तरेकडचा ढोलक देणे तर सर्रास चालते. ज्याने लावणीची ढोलकी एकदा जवळून ऐकली आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. ढोलकीच्या उजव्या पुडीला शाई असते, ती गायकाच्या स्वरात लावलेली असते आणि तिच्यावर बोट पडताच टणत्कार निघतो. डाव्या पुडीच्या आतून लेप असतो, त्यातून घुमणारा खर्ज तळहाताने दाबून वर चढवता येतो. ढोलकाच्या उजव्या पुडीवर शाई नसते. म्हणून ढोलक कोणत्याही गाण्याखाली सरकवला तरी फारसे बिघडत नाही. ढोलकीचे तसे नाही. संग्रहातील ढोलकी काळी चारमध्ये लावलेली असेल आणि तुमचे गाणे पांढरी दोनमध्ये असेल, तर संगणकावर तिला सहा अर्धस्वर खाली ओढावे लागेल, आणि ती ढोलकी न राहता रिकामा डबा वाजल्यासारखी होईल. एक-दोन अर्धस्वरांपलीकडे ओढाताण करू नये.

मुंबईच्या या पट्ट्यात किती प्रकारचे चर्मवाद्य एकत्र आले याची कल्पना करून पाहावी. गिरण्यांमुळे कोकणातली आणि घाटावरची माणसे परळ, लालबाग, नायगाव, डिलाइल रोडच्या चाळींत शेजारी शेजारी राहू लागली. कोकणातून खालू बाजा आला, जाखडीची ढोलकी आली. घाटावरून हलगी, गोंधळ्याचे संबळ, वाघ्या-मुरळीची दिमडी आली. भजनी मंडळांचा मृदंग दोन्हींकडून आला. शाहिरांचा डफ कामगार मैदानावर वाजला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून याच वस्त्यांत कामगारांपुढे कार्यक्रम केले. भीमगीतांच्या मंडळींनी ढोलकी, पेटी आणि कोरसची टाळी एवढ्यावर रात्री जागवल्या. ती टाळी हाही एक तालनमुनाच आहे. यंत्रातली टाळी एका हाताची वाटते; कोरसच्या टाळीत सहा-सात माणसे क्षणभर पुढेमागे टाळी देतात, आणि त्या पुढेमागे होण्यातच तिचा जिवंतपणा आहे.

या वाद्यांच्या थापा वेगवेगळ्या प्रकारांत कशा बसवाव्यात? दिमडीचा आवाज लहान, मऊ आणि बोटांचा. मंद लयीच्या गाण्यात ती झांजेची जागा घेऊ शकते. संबळाची एक बाजू उंच आणि एक खर्जाची असल्याने त्या एका वाद्यातच पुरा ठेका मावतो. ताशाचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की तो गायकाच्या आवाजावर चढतो. म्हणून शब्द संपल्यावरच त्याला मोकळा सोडावा. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. त्या खर्जाला विजेच्या खर्जाची जोड दिली, तर हिप-हॉपला चालेल असा भरदार आवाज मिळतो. आणखी एक बाब नवशिक्यांना फार छळते. आपल्या मिरवणुकांतील बराचसा ठेका सहा मात्रांच्या झोक्याचा असतो आणि संगणकावरची मांडणी मात्र मुळात चारच्या चौकटीची असते. चारच्या चौकटीत हलगी बसवली की ती कवायत करू लागते. मांडणी करताना प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करणारी चौकट निवडली की झोका परत येतो. काम एका कळीचे आहे, पण ती कळ कोणी दाखवत नाही.

हलगीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण ते वाद्य आपल्यापैकी अनेकांच्या घरात अवघड आठवण म्हणून आहे. लाकडी किंवा धातूच्या कड्यावर ताणलेले कातडे, एका हातात जाडसर काडी, दुसऱ्या हातात बारीक लांब काडी. वाजवण्याआधी ती शेकोटीवर शेकतात, म्हणजे कातडे ताणले जाऊन आवाज चढतो. गावकीच्या व्यवस्थेत दवंडी देणे, मिरवणुकीपुढे आणि प्रेतयात्रेपुढे वाजवणे ही कामे जातीने नेमून दिलेली होती आणि ती महार-मांग समाजाच्या वाट्याला आली. वाजवणाऱ्याने वाजवावे आणि देवळाबाहेर उभे राहावे, असा तो मामला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी याच नेमून दिलेल्या चाकरीतून समाजाला सोडवण्याचा विचार होता. पुढे अनेक कुटुंबांनी गावकीच्या कामांबरोबर हलगीही ठेवून दिली. त्यामुळे आज एखादा नातू संगणकावर हलगीचा नमुना शोधू लागला, तर आजोबा विचारतात, 'हेच सोडून आम्ही मुंबईला आलो, आणि तू परत तेच घेऊन बसलास?' हा प्रश्न चुकीचा नाही आणि तो हसण्यावारी नेऊ नये.

तामिळनाडूमध्ये पराई या वाद्यापुढे हाच प्रश्न उभा होता. तेथेही ते वाद्य एका समाजाच्या माथी जन्माने मारलेले होते, तेथेही काहींनी ते सोडले. नंतरच्या पिढीने ते पुन्हा हाती घेतले, पण स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या सभेत. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या चेन्नईच्या वाद्यवृंदाने २०१८ च्या जानेवारीत पहिला कार्यक्रम केला. त्यात रॅप आणि गाना यांच्या बरोबरीने पराई होती. मला यात फरक दिसतो तो असा : सक्तीने वाजवणे वेगळे, आणि आपले नाव सांगून, मोबदला ठरवून, आपल्या शब्दांखाली वाजवणे वेगळे. आजोबांना तरी हा फरक पटेल का? काहींना पटणार नाही. त्यांच्यापुढे वाद घालण्यापेक्षा त्यांना ठेका कसा वाजत असे हे विचारावे. न वाजवताही अनेकांच्या बोटांना तो अजून पाठ आहे.

एवढ्यासाठीच आपल्या वाद्यांचे नमुने आपणच ध्वनिमुद्रित करावेत असे मी म्हणतो. ते फार खर्चाचे नाही. गणेशोत्सव आणि नवरात्र संपल्यावर परळ-लालबागच्या पथकांतील वादकांना सवड असते. पावसाळ्यात मुद्रण टाळावे. मुंबईच्या दमट हवेत कातडे सैल पडते. म्हणून तर मिरवणुकीतल्या ढोलांवर आता कातड्याऐवजी प्लास्टिकचे पान सर्रास दिसते. दोन्हींचे नमुने घ्यावेत, पण वेगवेगळे ठेवावेत. मोबाइलवर मुद्रण करावयाचे असेल, तर आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय आधी बंद करावी, नाहीतर तो पहिली जोरकस थाप चेपून टाकतो. साधे ध्वनिमुद्रण यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तम. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ हे माप पुरेसे आहे. सर्वांत जोराची थापही उणे सहा डेसिबलच्या आत राहील एवढीच पातळी ठेवावी. मग प्रत्येक बोल चार ताकदींत घ्यावा : हळू, मध्यम, जोरात, अंगभर. प्रत्येक ताकदीची थाप चार-पाच वेळा घ्यावी, कारण माणूस दोनदा सारखे वाजवत नाही, आणि एकच थाप यंत्राने सलग आठ वेळा वाजवली की ऐकणाऱ्याला लगेच कळते. थापेनंतर घुमारा पूर्ण विरेपर्यंत कोणी हलू नये. परळच्या बाबतीत याचा अर्थ दोन लोकलगाड्यांच्या मधली शांतता पकडणे असा होतो.

शेवटी थापा एकदा बंद खोलीत, चादरी टांगून, कोरड्या घ्याव्यात आणि एकदा चाळीच्या लांब सामाईक मार्गिकेत घ्याव्यात. बीडीडी चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. त्या मार्गिकांचा घुमारा कोणत्याही संग्रहात विकत मिळणार नाही.

आता त्या सहा-सात सेकंदांची कथा. द विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाने १९६९ मध्ये 'आमेन, ब्रदर' ही चीज मुद्रित केली. तिच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने चार आवर्तने एकट्याने वाजवली. तोच तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून जोडला गेला. त्यावर अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्याबद्दल काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना राहते घरही नव्हते. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड दिले. तोवर शेहेचाळीस वर्षे लोटली होती. कोलमन यांचे नाव मी मुलांना मुद्दाम दोनदा सांगतो.

आपल्याकडील जुन्या कॅसेटींतून ढोलकीचे चार आवर्तने उचलण्याचा मोह अनेकांना होतो. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरील दुकानांत घेतलेल्या कॅसेटी अजून कित्येक घरांत आहेत आणि त्यांतील वादन अप्रतिम आहे. तथापि १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. १९८५ ची कॅसेट असेल तर २०४५ संपेपर्यंत. वादन सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्कही कायद्याने मानला आहे आणि त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. म्हणून कॅसेट ऐकावी, ठेका कानात उतरवावा आणि तो आज वाजवणाऱ्याकडून नव्याने वाजवून घ्यावा.

वादकाशी बोलणी साधी ठेवावीत. थापा कशासाठी वापरणार, विकणार की केवळ आपल्यापुरत्या ठेवणार, हे मुद्रणाच्या आधी मराठीत एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बिदागी त्याच दिवशी द्यावी. पुढे संग्रह विकला गेला तर वाट्याचे काय, हेही त्याच कागदावर यावे. संगणकात प्रत्येक थापेचे नाव लिहिताना वाद्य, पान कातड्याचे की प्लास्टिकचे, बोल, ताकद, पट्टी, ठिकाण, साल आणि वादकाचे नाव या क्रमाने लिहावे. नाव शेवटी ठेवण्याचे कारण एवढेच की, फाइलचे नाव लांबले म्हणून ते कोणी छाटू लागले तर छाटणाऱ्याला वादकाचे नाव स्वतःच्या हाताने पुसावे लागते. सर्व थापांची एक प्रत वादकाच्या मोबाइलवर पाठवावी आणि ती नीट वाजते की नाही, हे तेथेच उभे राहून त्याच्याकडून ऐकून घ्यावे.